वाळवणाची पेटी आणि दोन किलो तार

(जालना जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत भावावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज भावावर बोलणार नाही. आम्ही ओलाव्यावर बोलणार आहोत. पण ओलाव्याचं बोलता बोलता गाडी शेवटी भावावरच येते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मोंढ्यात माल नेला की अडत्या पहिल्यांदा काय करतो? मूठभर माल हातात घेतो, दाबतो, दाताखाली एक दाणा फोडतो आणि मान हलवतो. म्हणतो, "ओला आहे." या दोन शब्दांत तुमच्या पट्टीवरचे किती रुपये जातात याचा हिशेब घरी बसून मांडून पाहा. कापसाचं तर सरकारी खरेदीतच लिहून ठेवलंय. कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं. ८ ते १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे भाव कापतं आणि १२च्या वर गेला की गाडी परत. म्हणजे आपण जे पाणी विकतो त्याचे पैसे मिळत नाहीतच, उलट त्या पाण्यापायी चांगल्या मालाचाही भाव जातो.

भोकरदन तालुक्यातल्या मंडळींना आणखी एक दुखणं आहे. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार सगळ्यांना माहीत आहे. हिरवी मिरची म्हणजे थांबता न येणारा माल. आज तोडली की उद्या विकलीच पाहिजे. भाव पडला की तोडणीची मजुरी निघत नाही, मग कुणी झाडावरच सोडून देतो. ती लाल होते. लाल झालेली वाळवावी म्हटलं तर रस्त्याच्या कडेला, छपरावर, शाळेच्या मैदानात पसरायची. धूळ बसते, कोंबड्या फिरतात, रात्री दव पडतं आणि आभाळ आलं की पळापळ. ओलसर राहिलेल्या मिरचीत बुरशी येते. त्या बुरशीचं विष दिसत नाही, पण तपासणीत सापडतं, आणि सगळी रास नाकारली जाते.

ज्याच्याजवळ वाळवायची सोय आहे त्याला थांबता येतं. ज्याला थांबता येतं त्याला नाही म्हणता येतं. व्यापाऱ्यापुढे नाही म्हणण्याची ताकद, एवढ्यासाठीच आज हा विषय घेतला आहे.

ऊन आहे, पण पकडता येत नाही

आपल्या जिल्ह्यात पाणी नाही, पण उन्हाला तोटा नाही. एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण पाच ते साडेपाच युनिट ऊन पडतं. युनिट म्हणजे तेच, जे तुमच्या लाइट बिलावर असतं. प्रश्न असा आहे की हे ऊन धरून मालापर्यंत पोचवायचं कसं.

त्यासाठी सौर हवातापक नावाची साधी पेटी असते. पेटी उताराची, दक्षिणेकडे तोंड केलेली. वर काच. काचेखाली काळा रंग दिलेला पत्रा. पत्र्याच्या खाली अडीच सेंटिमीटरची पोकळी आणि पोकळीच्या खाली काचेच्या लोकरीचं अस्तर लावलेला तळ. खालच्या टोकाने गार हवा शिरते, तापलेल्या पत्र्याखालून वर जाते आणि वरच्या टोकाला असलेल्या कपाटात पोचते. कपाटात जाळीच्या ताटांवर माल ठेवलेला. गरम, कोरडी हवा मालातलं पाणी घेऊन बाहेर जाते. माल झाकलेला असतो. धूळ नाही, माशी नाही, दव नाही.

आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगर भागात एस फॉर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीबरोबर गावोगावच्या शेतकरी बायका कांदा आणि भाजीपाला उन्हाच्या यंत्रावर वाळवून विकतात. त्या कामाला २०२३ साली अर्थशॉट हे जागतिक बक्षीस मिळालं. त्यांच्या यंत्राची रीत वेगळी आहे, तिथे माल तापलेल्या धातूवर ठेवतात. पण एक गोष्ट सिद्ध झाली. मराठवाड्यातल्या गावात, मराठवाड्यातल्या उन्हावर, विकण्याजोगा वाळलेला माल तयार होतो.

आता आपल्या पेटीचं दुखणं सांगतो. पत्रा तापतो खूप, पण हवा तितकी तापत नाही. भर दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो आणि वरून निघणारी हवा मात्र कोमट. ऊन आत आलं, पत्र्याने घेतलं, पण हवेला दिलंच नाही. पत्र्याने ते काचेतून परत आभाळाला देऊन टाकलं.

पत्र्यावरची गोधडी

असं का होतं? खळ्यावर उपणताना आपण जमिनीवर उभे राहत नाही, उंच तिपाईवर उभे राहतो. कारण जमिनीलगत वारं मंद असतं, वर गेलं की लागतं. जिथे जिथे वारा कशाला घासून जातो, तिथे तिथे त्या वस्तूलगतचा थर रेंगाळतो. पत्र्याचंही तसंच. पोकळीतून हवा पळत असते, पण पत्र्याला चिकटून तिचा एक पातळ थर सरपटत राहतो.

आणि हवेतून ऊब सहजासहजी जात नाही. गोधडीत ऊब राहते ती चिंध्यांमुळे नव्हे, चिंध्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. म्हणजे तो रेंगाळणारा थर ही पत्र्याने पांघरलेली गोधडीच. पत्रा आतल्या आत तापतो आणि पलीकडून पळणाऱ्या हवेला त्याची झळ लागत नाही.

ही गोधडी ओढून काढायची कशी? पंखा मोठा लावला तर थर पातळ होतो, पण वीज जास्त लागते आणि हवा इतकी घाईने जाते की तापतच नाही. दुसरा उपाय सोपा. पत्र्याच्या खालच्या बाजूला, वाऱ्याच्या वाटेत आडव्या बारीक तारा लावायच्या. सरपटणारा थर तारेला ठेचकाळतो, उसळतो आणि फुटतो. तारेपलीकडे बरीच गार हवा खाली येऊन थेट पत्र्याला टेकते, ऊब घेते आणि पुढे जाते. पुढची तार पुन्हा तेच करते. पृष्ठभाग गुळगुळीत होता तो खडबडीत केला, एवढंच.

उताराला आडवे बांध घातले की पाणी अडखळतं आणि जमिनीला भेटतं, हे कडवंचीच्या पाणलोटाने आपल्याच जिल्ह्यात दाखवून दिलं. इथे पाण्याच्या जागी वारा आहे आणि बांधाच्या जागी तार.

ही काही आमची अक्कल नाही. १९३३ साली जर्मनीत निकुराडसे नावाच्या शास्त्रज्ञाने नळ्यांच्या आत वाळूचे कण चिकटवून खडबडीतपणाने प्रवाहाचं काय होतं ते मोजलं. विमानाच्या इंजिनातली पाती आतून गार ठेवायला अशाच बारीक वरंब्या वापरतात. सौर हवातापकासाठी बी. एन. प्रसाद आणि जे. एस. सैनी या दोन भारतीय अभियंत्यांनी १९८८ साली पत्र्याला तारा लावून मोजमाप केलं. पत्र्याकडून हवेला ऊब जाण्याचा वेग गुळगुळीत पत्र्याच्या २.३८ पट झाला. पण हवेला होणारं घर्षणही ४.२५ पट झालं. पुढे २००२ साली इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, ६० अंशांत वळवलेल्या वरंब्यांवर काम झालं. तिथे ऊब २.३ पट आणि घर्षण २.८३ पट. म्हणजे आडव्या तारेपेक्षा बाणासारखी तार कमी त्रासात जवळपास तेवढंच काम करते.

अडीचपट म्हणणाऱ्यापासून सावध

इथे एक मेख आहे, आणि ती समजून घेतली नाही तर आपण फसू. एक विक्रेता आम्हाला सांगत होता, "साहेब, आमच्या पेटीत खास पत्रा आहे, अडीचपट माल वाळतो." आम्ही विचारलं, "ऊन अडीचपट पडतं का?" तो गप्प बसला.

पत्र्याकडून हवेला ऊब जाण्याचा वेग अडीचपट झाला म्हणजे ऊब अडीचपट मिळाली असं नव्हे. येणारं ऊन तेवढंच आहे. नाल्याचं तोंड रुंद केलं म्हणून पाऊस वाढत नाही. वाया जाणारं पाणी तेवढं वाचतं.

आम्ही दोन चौरस मीटरच्या पेटीचा हिशेब मांडला. लांबी दोन मीटर, रुंदी एक मीटर, पोकळी अडीच सेंटिमीटर, हवेचा वेग सेकंदाला दोन मीटर. गुळगुळीत पत्रा असेल तर भर दुपारच्या उन्हातलं साधारण ४६ टक्के हवेत जातं. तारा लावल्या तर ५७ टक्के. बाहेरच्यापेक्षा हवा १५ अंशांनी तापत होती ती १८-१९ अंशांनी तापते. म्हणजे वाढ सुमारे सव्वापट. अडीचपट नव्हे, सव्वापट.

सव्वापट ऐकून कुणी नाक मुरडू नका. सव्वापट म्हणजे तारा लावलेल्या आठ पेट्या बिनतारेच्या दहा पेट्यांइतकं काम करतात. दोन पेट्यांची काच, पत्रा आणि लाकूड वाचलं. आणि एका पेटीला लागते किती तार? दोन किलो.

माप चुकलं की सगळं चुकलं

आम्ही पहिली पेटी केली तेव्हा उत्साहाच्या भरात तारा दाट लावल्या, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर. वाटलं, जास्त तारा म्हणजे जास्त ऊब. हवा काही जास्त तापली नाही, पंखा मात्र दमला. नंतर हिशेब पाहिला तेव्हा चूक कळली. तारेवरून उसळलेला वारा तारेच्या उंचीच्या साधारण सहा ते आठ पट अंतर गेल्यावर पुन्हा पत्र्याला टेकतो. त्याआधीच दुसरी तार आली तर तो टेकतच नाही, तारांच्या डोक्यावरून निघून जातो. खाली दोन तारांच्या मध्ये हवा कोंडून बसते, म्हणजे गोधडी पुन्हा तयार. दाट पेरलेल्या ज्वारीला कणीस धरत नाही, तसंच हे.

म्हणून माप लिहून घ्या. तारेची जाडी पोकळीच्या मानाने अगदी थोडी असावी. अडीच सेंटिमीटरच्या पोकळीला १६ गेजची जीआय तार बरोबर बसते. तिची जाडी १.६ मिलिमीटर असते. दोन तारांमधलं अंतर जाडीच्या दहापट, म्हणजे १६ मिलिमीटर. दोन मीटर लांबीत सव्वाशे तारा बसतात. एकेक तार मीटरभर, म्हणून सव्वाशे मीटर. वजन दोन किलो. पत्र्याच्या दोन्ही कडांना भोकं पाडून तार ताणून बसवा, मध्ये उष्णतेत न सुटणाऱ्या चिकटाने टेकवा. तारा आडव्याच हव्यात. वाऱ्याच्या दिशेने उभ्या लावल्या तर वारा त्यांच्या कडेने निघून जातो, थर फुटत नाही.

दुसरी चूक आम्ही अशी केली की तारा लावलेली पेटी बिनपंख्याची चालवून पाहिली. गरम हवा आपोआप वर जाते, मग पंखा कशाला? पण आपोआप जाणाऱ्या हवेत जोर नसतो. तिला एवढा अडथळा पेलत नाही, ती कोंडते. तेव्हा एक नियम पक्का ठेवा. पंखा नसेल तर तारा लावू नका. तारा लावायच्या असतील तर पंखा हवा.

पंखा म्हटलं की वीज आली आणि वीज म्हटलं की भारनियमन आलं. पण हा पंखा छोटा आहे. तारांमुळे वाढलेलं घर्षण ओढायला दोन-चार वॉट जास्त लागतात, तेवढंच. १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे लहान सौर पॅनेलवर चालतात. फवारणी पंपाची बॅटरीही चालेल. पॅनेल थेट जोडलं तर आणखी एक फायदा होतो. ऊन तापलं की पंखा जोरात, आभाळ आलं की हळू. पेटीला जसं हवं तसंच. पंखा नेहमी गार हवेच्या तोंडाशी लावा, गरम बाजूला लावला की जळतो.

कुठे चालेल, कुठे नाही

आता पोटापाण्याचा हिशेब. एक किलो पाणी वाफ करायला साधारण दोन-तृतीयांश युनिट लागतं. तारा लावलेल्या दोन चौरस मीटरच्या पेटीला दिवसभराची सरासरी निम्मी धरली तर साडेपाच युनिट मिळतील. त्यातली निम्मी कामी आली, बाकी हवेबरोबर गेली असं धरा. म्हणजे एक पेटी दिवसाला चार किलो पाणी काढते. दहा पेट्या चाळीस किलो.

लाल मिरचीत १०० किलोमागे ७५ किलो पाणी असतं. ती १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली तर ७२ किलो पाणी काढावं लागतं आणि हातात २८ किलो माल येतो. म्हणजे दहा पेट्यांच्या गटाला दिवसाला ५५ किलो ओली मिरची झेपते. एका घराच्या एका पेटीला पाच-साडेपाच किलो. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण एक पेटी घेऊन एकराची मिरची वाळेल अशी कुणी समजूत करून घेऊ नये. हे काम गटाचं आहे. कपाटातली हवा ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, मिरची काळपट पडते आणि रंगाचे पैसे जातात.

खरिपाच्या हायब्रीड ज्वारीचं दुखणं जुनं आहे. दाणा भरतो, परतीचा पाऊस येतो आणि कणीस काळं पडतं. काळी पडलेली ज्वारी पेटीत घातली म्हणून पांढरी होणार नाही. पण दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला असं समजा. तो झाडावर उभा राहून फक्त वाळायचा राहिलेला असतो, आणि त्याच दिवसांत बुरशी त्याला गाठते. ठिपका दिसताच कणसं खुडून आणली आणि पेटीत वाळवली तर काळेपणातून बरीच ज्वारी वाचते. दाणा २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणायला क्विंटलमागे १८ किलो पाणी काढावं लागतं. दहा पेट्यांवर दिवसाला दोन क्विंटल होते. मात्र झड लागली तर पेटीही झोपते. दोन सरींच्या मधल्या उघाडीतच ती कामाला येते.

बियाणं असेल तर वेगळं सांगणं. जालना बियाण्यांचं गाव, आपल्यापैकी पुष्कळांकडे बीजोत्पादनाचे प्लॉट आहेत. बियाण्याला ४०-४३ अंशांच्या वर ताप लागला की उगवण मरते. तिथे हवा जास्त सोडा, ऊब कमी ठेवा.

आणि कापूस? कापूस या पेटीत घालू नका. तो जागा फार खातो आणि पेट घेण्याची भीती राहते. कापसाला उपाय जुनाच. दव उडाल्यावर वेचणी करा, ताडपत्रीवर पातळ पसरा, ऊन उतरायच्या आत गोळा करा. ज्या कामाला ताडपत्री पुरते तिथे पेटी मिरवण्यात अर्थ नाही.

आता काय करायचं

आम्ही कृषी पदवीधर आहोत म्हणून आमच्या हिशेबावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. कागदावरच्या टक्केवारीने शेतकऱ्याला आजवर पुष्कळ फसवलं आहे. म्हणून आमचं मागणं एवढंच आहे.

जिल्ह्यातले आठ तालुके आहेत. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. प्रत्येक तालुक्यात एका गटाने दोन पेट्या कराव्यात. माप एकच, काच एकच, पत्रा एकच, पंखे एकसारखे. एकीला तारा, दुसरीला नाही. दोन्ही शेजारी शेजारी दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. सकाळी दोन्हींत सारख्या वजनाची मिरची घाला आणि संध्याकाळी काढून काट्यावर ठेवा. जितकं वजन कमी झालं तितकं पाणी गेलं. वजन वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दहा दिवसांची वही झाली की कोणत्याही शास्त्रज्ञासमोर ठेवता येईल. गावातला वेल्डर आणि सुतार हे काम करू शकतात. अडलं तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, परभणीच्या विद्यापीठातल्या कृषी अभियांत्रिकीच्या शिक्षकांना बोलवा. विचारायला लाजू नका, ते आपल्यासाठीच बसले आहेत.

मायबहिणींना वेगळं सांगायची गरज नाही. वाळवणाचं शास्त्र त्यांच्याच हातात आहे. पापड, कुरडया, सांडगे कधी उचलायचे हे त्यांना तापमापकाशिवाय कळतं. या पेट्यांची वही त्यांनी ठेवावी आणि पेटीच्या मालाचा पैसाही त्यांच्याच हातात जावा, अशी आमची सूचना आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही घेऊन या. तार लावलेल्या पेटीने सव्वापट काम केलं असेल तर आपण गावोगाव पेट्या करू. नसेल केलं तर तेही इथेच सगळ्यांसमोर सांगा. चूक कुठे झाली ती आपण मिळून शोधू आणि पुढच्याचे पैसे वाचवू.

पाऊस आपल्या हातात नाही. मोंढ्यातला भाव आज तरी आपल्या हातात नाही. पण मालातला ओलावा आपल्या हातात येऊ शकतो. आज तेवढं तरी आपण हातात घेऊ.